फोनमधले नवे नंबर कॉम्प्युटरवर दिसत नव्हते, अखेर जमलं

मेल आणि कॅलेंडर दोन्हीकडे बरोबर, जुने संपर्कही दिसायचे. पण फोनवर नव्याने सेव्ह केलेले नंबर कॉम्प्युटरवर येतच नव्हते. सिंक (दोन्हीकडची माहिती आपोआप जुळवणं) बंद-चालू केलं, मेलचं खातं काढून पुन्हा जोडलं, कॅशे (तात्पुरती साठवलेली माहिती) साफ केला. फरक शून्य. तीन संध्याकाळी यात गेल्या, फार वैताग आला.

मग न दिसणारा एक संपर्क उघडला. नावाखाली खात्याचा ईमेल नव्हता, नुसतं ‘फोन’ लिहिलं होतं. मेख तिथेच होती. सिंक फक्त खात्यातलं नेतं, फोनच्या मेमरीतलं नाही.

आधी त्या खात्याचं संपर्कांचं सिंक बंद केलं. संपर्क अ‍ॅपमध्ये फिल्टर लावून फक्त ‘फोन’मधले दाखवले आणि व्हीसीएफ फाइलमध्ये (संपर्क साठवायच्या फाइलचा प्रकार) एक्स्पोर्ट केले. फाइल केबलने कॉम्प्युटरवर घेतली, ब्राउझरमध्ये खात्याचे संपर्क उघडून तिथे इम्पोर्ट केली. आकडा जुळवला: २१४ गेले, २१४ आले. त्यानंतरच, तोच फिल्टर ठेवून, फोनमधल्या प्रती पुसल्या. हा क्रम बदलू नका. सिंक आधी चालू केलं तर फोन दोन्ही प्रती एकत्र जोडू शकतो, आणि एक पुसताना दुसरीही जाते. व्हीसीएफ फाइल जपून ठेवा.

शेवटी नव्या संपर्कांसाठी डिफॉल्ट म्हणून ‘फोन’ऐवजी खातं निवडलं आणि सिंक चालू केलं. चाचणीसाठी एक नंबर सेव्ह केला. मिनिटभरात तो कॉम्प्युटरवर दिसला.