व्हिडिओ सर्चमध्ये वर आणायचा तर काय करावे

व्हिडिओ चांगला झाला, आवाज स्वच्छ आहे, तरी यूट्यूबच्या सर्चमध्ये सापडत नाही, अशी तक्रार असली की बहुतेक वेळा शीर्षकात खोट निघते. ज्याला अडचण आली आहे तो माणूस सर्चमध्ये जे शब्द टाकतो, ते शीर्षकात नसतात. म्हणून सुरुवात टॅगपासून (अपलोड करताना वेगळ्या चौकटीत भरायचे शब्द) नव्हे, त्या शब्दांपासून करा, आणि जमल्यास चित्रीकरणाच्या आधीच.

यूट्यूबच्या सर्चपेटीत विषयाचे पहिले दोन शब्द टाका आणि खाली येणाऱ्या सूचना जशाच्या तशा लिहून घ्या. गूगल ट्रेंड्समध्ये (कोणता शब्द किती शोधला जातो ते दाखवणारे गूगलचे साधन) ‘वेब सर्च’ऐवजी ‘यूट्यूब सर्च’ निवडता येतो, तिथे दोन पर्यायी शब्दांची तुलना करा. मग त्या शब्दांवर आज वर असलेले पाच-सहा व्हिडिओ पाहा. त्यांत न मिळालेले उत्तर तुमच्याकडे असेल, तर व्हिडिओला जागा आहे.

उदाहरण घेऊ. ‘शिलाई मशीन दुरुस्ती भाग ७’ हे शीर्षक करणाऱ्याच्या सोयीचे आहे. मशीनसमोर वैतागून बसलेला माणूस ‘भाग ७’ शोधत नाही. ‘शिलाई मशीनचा धागा सारखा तुटतो? सुई, ताण, बॉबिन असे तपासा’ यात त्याची अडचणही आहे आणि उपायही. यूट्यूब शीर्षकाला १०० अक्षरे देते, पण मोबाइलवर शेवटचा भाग कापला जातो. देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जात असल्याने जागा वाटते त्याहून लवकर संपते. मुख्य शब्द अगदी आधी घ्या, चॅनेलचे नाव शीर्षकात घालू नका.

वर्णनाला ५,००० अक्षरांची मुभा आहे, पण ‘आणखी’ न दाबता दिसतात त्या पहिल्या दोन-तीन ओळीच. तिथे व्हिडिओत कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे ते साध्या वाक्यांत सांगा. लिंक आणि आभार खाली. शब्दांची नुसती माळ वर्णनात ओतू नका, ते यूट्यूबच्या नियमांत बसत नाही आणि व्हिडिओ काढला जाऊ शकतो. हॅशटॅग दोन-तीन पुरेत. ६० च्या वर गेले तर यूट्यूब सगळेच दुर्लक्षित करते.

वर्णनातच प्रकरणे (चॅप्टर्स) द्या, म्हणजे व्हिडिओतला कोणता भाग कोणत्या वेळी सुरू होतो त्याची यादी. पहिली वेळ शून्यापासूनच हवी, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक प्रकरण किमान १० सेकंदांचे हवे. यातली एक अट चुकली तरी प्रकरणे दिसत नाहीत. बहुतेकांची चूक एकच असते: यादी ०:१५ पासून सुरू केलेली असते. वरच्या व्हिडिओसाठी यादी अशी होईल (प्रत्यक्ष टाकताना वेळ इंग्रजी अंकांत लिहा):

०:०० धागा नेमका कुठे तुटतो ते पाहा
०:४० सुई वाकडी किंवा उलटी बसली आहे का
२:०५ वरच्या धाग्याचा ताण सैल करणे
३:५० बॉबिन केसमधला कचरा काढणे

टॅगांवर तासभर घालवू नका. शोधात त्यांचा वाटा फार थोडा असतो, हे यूट्यूब स्वतःच सांगते. ज्या शब्दाचे स्पेलिंग लोक हमखास चुकवतात, त्याचे चुकीचे रूप टॅगमध्ये घाला. मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करणारेही पुष्कळ असतात, ती रूपेही तिथेच. आपोआप तयार झालेल्या सबटायटल्सवर मात्र विसंबू नका. त्यांत तांत्रिक शब्द हमखास बिघडतात. एकदा दुरुस्त करा किंवा एसआरटी फाइल (वेळेसह लिहिलेल्या सबटायटल्सची फाइल) चढवा.

थंबनेल, म्हणजे यादीत व्हिडिओसाठी दिसणारे चित्र, १२८० बाय ७२० पिक्सेलचा, १६:९ प्रमाणात करा. उजव्या कोपऱ्यात खाली व्हिडिओच्या लांबीचा आकडा बसतो, तिथे मजकूर ठेवला तर झाकला जातो. शब्द तीन-चारच, आणि शीर्षकातलेच पुन्हा नकोत. तुटलेल्या धाग्याचे टोक आणि सुई जवळून दिसली तर मजकुराची गरजही उरत नाही. अपलोड करण्याआधी चित्र मोबाइलच्या पडद्यावर अंगठ्याएवढे करून पाहा.

एवढे झाले की उरते ते व्हिडिओतच. शीर्षकात विचारलेला प्रश्न पहिल्या वाक्यात मोठ्याने म्हणा आणि लगेच कामाला लागा. फिरता लोगो आणि ‘सबस्क्राइब करा’ यांत अर्धे मिनिट गेले की शोधून आलेला माणूस मागे फिरतो, आणि त्याच शोधासाठी व्हिडिओ खाली जाऊ लागतो.

दोन-चार आठवड्यांनी यूट्यूब स्टुडिओचे अॅनालिटिक्स उघडा. सर्चमधून आलेल्यांनी कोणते शब्द टाकले होते, ते ट्रॅफिक सोर्समध्ये (प्रेक्षक कुठून आले त्या भागात) दिसते. इम्प्रेशन्सच (थंबनेल किती वेळा लोकांना दिसला तो आकडा) कमी असतील तर शब्द चुकले आहेत. इम्प्रेशन्स भरपूर पण क्लिक कमी, तर थंबनेल किंवा शीर्षक बदला. यूट्यूबच्याच म्हणण्यानुसार निम्म्या चॅनेलांचा आणि व्हिडिओंचा क्लिक-दर (इम्प्रेशन्सपैकी किती टक्के वेळा क्लिक झाले) २ ते १० टक्क्यांत असतो, त्यामुळे ४ टक्के पाहून घाबरू नका. क्लिक ठीक आणि किती प्रेक्षक टिकले त्याचा आलेख पहिल्या ३० सेकंदांत कोसळलेला, तर दोष सुरुवातीत आहे, ती एडिटरमध्ये छाटता येते. एका वेळी एकच गोष्ट बदला. आणि व्हिडिओ काढून पुन्हा चढवू नका, कारण पत्ता बदलतो आणि जमलेले व्ह्यूज, कॉमेंट्स, बाहेरच्या लिंक सगळे जाते.

स्वतःच्या वेबसाइटवरचा व्हिडिओ गूगलमध्ये आणायचा तर नियम वेगळे. डिसेंबर २०२३ पासून गूगलच्या ‘व्हिडिओ’ विभागात तीच पाने येतात ज्यांवर व्हिडिओ हाच मुख्य मजकूर आहे. लांब लेखाच्या तळाशी चिकटवलेला व्हिडिओ तिथे धरला जात नाही, म्हणून प्रत्येक व्हिडिओला स्वतंत्र पान द्या. पानात व्हिडिओऑब्जेक्टचा स्ट्रक्चर्ड डेटा (गूगलला व्हिडिओची माहिती ठरावीक साच्यात सांगणारा कोड) घाला: नाव, थंबनेलचा पत्ता आणि अपलोडची तारीख आवश्यक, वर्णन आणि लांबीही द्या. बटण दाबल्यावरच प्लेअर लोड होत असेल तर गूगलला व्हिडिओ दिसतच नाही, कारण त्याचा क्रॉलर (पाने वाचत फिरणारा प्रोग्राम) क्लिक करत नाही. थंबनेलचा पत्ता कायमचा ठेवा, दर वेळी बदलणारा नको. व्हिडिओ इंडेक्स झाला नाही, म्हणजे गूगलच्या शोधसूचीत आला नाही, तर सर्च कन्सोल या वेबसाइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातील व्हिडिओ इंडेक्सिंग अहवालात पानागणिक कारण लिहिलेले असते, दुरुस्ती तिथून सुरू करा.