बॉनेटवरचे धुरकट पट्टे

गाडीच्या काळ्या बॉनेटवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे दिसायचे. घाई नडली: पॉलिशिंग मशीनला थेट लोकरीचा पॅड आणि भरड कंपाउंड, म्हणजे ओरखडे घासून काढणारी पेस्ट. ओरखडे गेले, पण मशीन फिरलं तिथे तिथे धुरकट पट्टे उमटले.

मग मऊ फोमचा पॅड आणि फिनिशिंग पॉलिश, म्हणजे शेवटचा हात फिरवायचं बारीक पॉलिश, घेतलं. वाटाण्याएवढे चार थेंब, आधी फक्त वीतभर जागेवर. दोनदा आडवं, दोनदा उभं. दर वेळी पॅड ब्रशने झाडला, नाहीतर तो गच्च होऊन तापतो. शेवटी पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. पॉलिशमधलं तेल ओरखडे लपवतं ना! पट्टे खरंच गेले होते. कडांना मात्र मशीन लावलं नाही, तिथे क्लिअरकोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पातळ असतो.