ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका: नाजूक रुग्णांच्या जंतुसंसर्गात या चुका टाळा

ताप, सूज, लाली, पू हे सगळं शरीर जंतूंशी झुंजतं तेव्हा दिसतं. केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेल्यांत, वृद्धांत आणि नवजात बाळांत ही झुंजच दुबळी असते. मग संसर्ग मुकाट्याने वाढतो आणि आपण लक्षणांची वाट पाहत बसतो.

सर्वांत महाग पडणारी चूक केमोनंतरची. रात्री 100.4 फॅरनहाइट ताप दिसतो, पॅरासिटामॉल दिलं जातं, ‘सकाळी बघू’ असं ठरतं. गोळीने आकडा उतरतो, जंतू तिथेच असतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर मायक्रोलिटरमागे 500च्या खाली असतील तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच अशा रुग्णाला रुग्णालयात पोहोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू करायचं असतं. ताप गुदद्वारातून मोजू नका, तिथल्या नाजूक त्वचेतून जंतू रक्तात शिरू शकतात. आणि छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून न्यूमोनिया नाही, असंही समजू नका. पेशीच नसतील तर डाग उमटायलाही वेळ लागतो.

वृद्धांत उलट्यासुलट्या दोन्ही चुका होतात. अचानक बरळणं, पडणं, जेवण सोडणं हे ‘वयामुळे’ म्हणून अंगावर काढलं जातं. दुसरीकडे, काही त्रास नसताना लघवीच्या तपासणीत जंतू दिसले की लगेच गोळ्या! उतारवयात असे जंतू सर्रास सापडतात, त्यांना बहुधा उपचार लागत नाहीत.

तीन महिन्यांच्या आतलं बाळ दूध ओढत नसेल, मलूल असेल, अंग गार लागत असेल किंवा ताप 100.4 असेल, तर घरगुती प्रयोग नकोत. थेट रुग्णालय.

रुग्णालयातही घोळ होतात. अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) घ्यावं, पण त्यापायी औषध रेंगाळू नये. मूत्रपिंड कमजोर आहे म्हणून बहुतेक अँटिबायोटिकचा पहिलाच डोस कमी करणं चूक. कपात लागली तर ती पुढच्या डोसांत. कल्चरचा अहवाल आल्यावर, साधारण 48 ते 72 तासांनी, औषध बदलायचं की थांबवायचं हे डॉक्टरांना जरूर विचारा.

दाखल करताना शेवटची केमो कधी झाली, प्लीहा (स्प्लीन, जंतूंशी लढायला मदत करणारा पोटातला अवयव) काढली आहे का, शिरेत कायमची नळी आहे का, हे न विचारताही सांगा. त्या नळीतून औषध सोडल्यावर थंडी वाजून येत असेल, तर तेही.