उंदीर विसरला की घाबरला? स्मृतीचा प्रयोग लावण्याआधी

एम.फार्मची, म्हणजे औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाची मुलं विषय घेऊन येतात तेव्हा बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. स्कोपोलामाईन देऊन उंदराची स्मृती घालवायची, मग आपल्या वनस्पतीचा अर्क देऊन ती परत येते का ते बघायचं. मी नाशकात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांच्या परिणामांचं शास्त्र शिकवते आणि प्रत्येकाला आधी एकच विचारते. ही चाचणी पाण्याच्या टाकीत होते; पाण्याखाली लपवलेल्या प्लॅटफॉर्मची जागा उंदरानं पोहत शोधून लक्षात ठेवायची असते. टाकीत उंदराला प्लॅटफॉर्म सापडला नाही, तर तो विसरला हे कशावरून?

स्कोपोलामाईन म्हणजे आपण महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यातलं द्रव्य. मेंदूत निरोप पोचवणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचं काम ते अडवतं, म्हणून शिकणं बिघडतं. पण त्यानं डोळ्यांच्या बाहुल्याही विस्फारतात आणि उंदीर सैरावैरा धावतो. म्हणून पाण्याबाहेर दिसणाऱ्या, खूण लावलेल्या प्लॅटफॉर्मची चाचणी घ्याच आणि पोहण्याचा वेगही मोजा. समोर दिसणारा प्लॅटफॉर्मही गाठता येत नसेल, तर दोष स्मृतीला लावू नका.

आता ताण. ताणाचं हार्मोन माणसात कॉर्टिसॉल, तसं उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. पिंजरा हलला, अनोळखी हात लागला की काही मिनिटांत ते चढतं, आणि मेंदूतल्या ज्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या जोरावर उंदीर जागा लक्षात ठेवतो तिथंच या हार्मोनला पकडणारे रिसेप्टर भरपूर असतात. म्हणजे तुम्ही न दिलेलं एक औषध प्रयोगात शिरलेलं असतं. 1998 सालचा एक प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर मांडते. उंदरांनी प्लॅटफॉर्मची जागा आदल्या दिवशी शिकून ठेवली होती. चाचणीच्या 30 मिनिटं आधी पायाला विजेचा झटका दिला, तर त्यांना ती आठवेना. 2 मिनिटं किंवा 4 तास आधी दिला, तर आठवली. मेटिरापोन या औषधानं हार्मोनचं चढणं रोखलं, तेव्हा विसरणंही टळलं. उलट, शिकल्यावर लगेच तेच हार्मोन योग्य मात्रेत मिळालं तर स्मृती पक्की होते, आणि रक्तदाबावर देतात ती प्रोप्रॅनोलॉलसारखी औषधं हा फायदा पुसून टाकू शकतात.

तेव्हा डोस कधी, हे आधी ठरवा. शिकवण्याआधी दिला तर शिकणं तपासताय, शिकवून झाल्यावर लगेच दिला तर साठवणं, चाचणीआधी दिला तर आठवणं. तिन्हींना सरसकट ‘स्मृतिभ्रंश’ म्हणणारा प्रबंध मी परत पाठवते.

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकही जनावर मागवू नका. आल्यावर आठवडाभर त्यांना नुसतं राहू द्या, मग रोज थोडा वेळ हातात घ्या. हाताळणारा माणूस शेवटपर्यंत एकच ठेवा. पुरुषाच्या नुसत्या वासानंही उंदरांचं कॉर्टिकोस्टेरॉन वाढतं, असं 2014 साली कॅनडातल्या संशोधकांना दिसलं. औषध न मिळणाऱ्या, तुलनेसाठीच्या कंट्रोल गटालाही सलाईनची सुई टोचा, कारण टोचण्याचाही ताण असतोच. चाचणीची वेळ रोज तीच हवी. निशाचर उंदरात हे हार्मोन अंधार पडायच्या सुमारास सर्वांत जास्त असतं. सकाळचा गट आणि संध्याकाळचा गट यांची तुलनाच होत नाही.

नाशिकसाठी दोन गोष्टी खास. डिसेंबर-जानेवारीत टाकीचं पाणी रात्रीतून गारठतं. ते 25 अंशांच्या आसपास आणल्याशिवाय उंदीर सोडू नका, आणि प्रत्येक फेरीनंतर त्याला टॉवेलनं कोरडं करून उबेत ठेवा. थंडीनं आखडलेला उंदीर कमी पोहतो, आणि तुमच्या तक्त्यात तो विसराळू ठरतो. त्याच्यावर तो अन्याय आहे आणि तुमच्या औषधावरही. दुसरं, ढोल पथकांचा सराव जवळ चालत असेल तर गणपतीआधीचे आणि गणपतीतले आठवडे वेळापत्रकातून सरळ काढून टाका.

हार्मोन मोजणार असाल, तर पिंजऱ्याला हात लागल्यापासून 3 मिनिटांच्या आत रक्त घ्या. त्यानंतरचा आकडा रक्त काढण्याच्याच ताणाचा असू शकतो. वहीत सुई टोचल्याची वेळ, पाण्याचं तापमान, हाताळणाऱ्याचं नाव आणि त्या तासात झालेला आवाज प्रत्येक उंदरापुढे लिहा. न पोहता नुसता तरंगणारा उंदीर मोजायचा की वगळायचा, तो नियम पहिल्या फेरीच्या आधी लिहून माझी सही घ्या.