ट्रॅव्हल ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करून ठेवताना या चुका टाळा

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढून नेण्याचे, नळ-पाण्याची सोय असलेले फिरते घर. पाणी गोठताना आकारमानाने सुमारे 9 टक्क्यांनी वाढते. बंद पाइपात, नळाच्या गाभ्यात किंवा पंपाच्या डोक्यात या वाढीला जागा मिळाली नाही, की प्लास्टिकला तडा जातो. आज बहुतेक ट्रेलरमध्ये वापरले जाणारे पेक्स (लवचिक प्लास्टिकचे) पाइप थोडे ताणले जातात आणि पुष्कळदा वाचतातही, पण त्यांचे सांधे, शॉवरचा व्हॉल्व्ह आणि शौचकूपाचा पाण्याचा व्हॉल्व्ह यांना ती लवचिकता नसते. हिवाळ्यात ट्रेलरचे जे नुकसान होते, त्यातले बरेचसे टाकीतल्या भरपूर पाण्यामुळे होत नाही. ते डोळ्यांआड राहिलेल्या वाटीभर पाण्यामुळे होते. म्हणूनच पुढच्या चुकांपैकी बहुतेक चुका विसरलेल्या जागांच्या आणि उलटसुलट क्रमाच्या आहेत.

टाकी रिकामी केली, म्हणजे काम झाले असे समजणे

ही सर्वांत सामान्य चूक आहे. गोड्या पाण्याची टाकी उघडून दिली, तरी गरम आणि थंड पाण्याच्या दोन्ही वाहिन्या भरलेल्याच असतात. त्यांच्यासाठी ट्रेलरच्या तळाशी सर्वांत खालच्या पातळीवर दोन वेगळ्या निचरा-तोट्या असतात. त्या उघडताना आतले सर्व नळही उघडे ठेवावे लागतात, कारण हवा आत आल्याशिवाय पाणी पूर्णपणे उतरत नाही. त्यानंतरही काही जागा उरतात. बाहेरचा शॉवर, पाण्याच्या फिल्टरची बाटली, पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी, बर्फ करणाऱ्या यंत्राची वाहिनी आणि कपडे धुण्याचे यंत्र असल्यास त्याचे दोन्ही जोड यांची नोंद करून ठेवावी. बाहेरचा शॉवर झाकणामागे लपलेला असल्याने तो हमखास राहून जातो. फिल्टरचे काडतूस, म्हणजे आतला गाळणारा भाग, काढून टाकावे आणि बाटली रिकामी करून परत बसवावी.

वॉटर हीटरच्या बाबतीत घाई

हीटरची टाकी सहसा 6 किंवा 10 गॅलनची, म्हणजे सुमारे 23 किंवा 38 लिटरची असते. येथे तीन चुका होतात आणि तिन्ही महागात पडतात. पहिली म्हणजे पाणी गरम आणि दाबाखाली असतानाच निचऱ्याचे बूच काढणे. कढत पाणी जोरात अंगावर येते, म्हणून आधी हीटरचा गॅस आणि वीज बंद करावी, पाणी पूर्ण थंड होऊ द्यावे, दाब-मुक्ती व्हॉल्व्ह उघडावा आणि मगच बूच फिरवावे. ज्या टाक्यांत ॲनोड रॉड असतो, त्यात तो बुचासोबतच बाहेर येतो. तो बराच झिजलेला असेल, तर तेव्हाच बदलावा, कारण टाकीऐवजी स्वतः गंजणे एवढेच त्याचे काम असते.

दुसरी चूक म्हणजे बायपास व्हॉल्व्ह (हीटरच्या टाकीला वगळून पाणी वळवणारी तोटी) न फिरवता वाहिन्यांत अँटिफ्रीझ, म्हणजे गोठण्यापासून वाचवणारा द्रव, भरणे. तसे केल्यास संपूर्ण टाकी अँटिफ्रीझने भरते, एरवी 8 ते 11 लिटरमध्ये होणाऱ्या कामाला तिप्पट किंवा त्याहूनही जास्त लागते आणि पुढे ते धुऊन काढणे जिकिरीचे होते. तिसरी चूक म्हणजे विजेच्या हीटरचा स्विच चालू राहणे. टाकी कोरडी असताना त्याची कॉइल पाहता पाहता जळते. स्विचवर चिकटपट्टी लावून त्यावर ‘टाकी रिकामी’ असे लिहिणे अगदी साधे काम आहे, पण मी ते अनिवार्य मानतो.

चुकीचे अँटिफ्रीझ, किंवा योग्य अँटिफ्रीझ चुकीच्या ठिकाणी

मोटारीच्या रेडिएटरचे अँटिफ्रीझ साधारणपणे इथिलीन ग्लायकोलचे असते आणि ते विषारी असते. पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीत ते कोणत्याही परिस्थितीत जाता कामा नये. येथे केवळ प्रोपिलीन ग्लायकोलचे, पिण्याच्या पाण्याच्या वाहिन्यांसाठी असलेले आणि सहसा गुलाबी रंगाचे अँटिफ्रीझ वापरावे. काही स्वस्त प्रकारांत अल्कोहोल असते. ते रबरी वायसर कोरडे करते, म्हणून लेबलवरचे घटक वाचूनच बाटली घ्यावी.

बाटलीवर ठळक छापलेल्या उणे 50 या आकड्याचाही नीट अर्थ लावावा. तो फॅरनहाइटमध्ये असतो, म्हणजे सुमारे उणे 46 अंश सेल्सिअस, आणि पाइप न फुटण्याची ती मर्यादा आहे. द्रव त्याच्या कितीतरी आधीच घट्ट, बर्फाळ होऊ लागतो. शिवाय ही मर्यादा पाणी न मिसळलेल्या द्रवासाठी आहे. वाहिनीत पाणी उरले असेल, तर ते मिसळून संरक्षण कमी होते. म्हणून आधी निचरा आणि मग अँटिफ्रीझ, हा क्रम बदलू नये. ते गोड्या पाण्याच्या टाकीत ओतू नये, कारण वासही राहतो आणि वायाही बरेच जाते. पंपाच्या तोंडाशी असलेली ओढनळी थेट बाटलीत सोडावी आणि प्रत्येक नळातून, गरम व थंड दोन्ही बाजूंनी, गडद गुलाबी धार येईपर्यंत पंप चालवावा. त्यानंतर प्रत्येक सिंकच्या व शॉवरच्या मोरीत एक-दोन पेले ओतावे. खालच्या वाकड्या पाइपातले पाणी तसेच राहिले, तर तोही फुटतो.

आता एक बारीक जागा. बाहेरून नळी जोडण्याच्या तोंडात एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळे पंपाने ढकललेले अँटिफ्रीझ तेथवर पोहोचले, तरी तोंडाबाहेर येत नाही आणि तेवढ्या भागात पाणी राहते. पंप बंद करून एखादा नळ उघडावा, बहुतेक दाब उतरू द्यावा, तोंडातली जाळी काढावी आणि व्हॉल्व्हची मधली काडी हलकेच दाबावी. गुलाबी थेंब दिसले, की ती जागा सुरक्षित झाली. पूर्ण दाब असताना ती दाबू नये, आतली रबरी कडी निसटण्याचा संभव असतो.

काही जण अँटिफ्रीझऐवजी कॉम्प्रेसरने पाणी फुंकून काढतात. ही पद्धतही चांगली आहे, मात्र दाब 30 ते 40 पीएसआयच्या (दर चौरस इंचावर पाउंड) पुढे नेऊ नये आणि एका वेळी एकच नळ उघडावा. तरीही मोऱ्या आणि पंप यांच्यासाठी थोडे अँटिफ्रीझ लागतेच, कारण हवेने खोलगट जागेतले पाणी पूर्ण निघत नाही.

बॅटरी जागेवरच विसरणे

पूर्ण भरलेली शिसे-आम्लाची बॅटरी उणे 50 अंश सेल्सिअसच्याही खाली गोठते, पण पूर्ण उतरलेली मात्र उणे 7-8 अंशांच्या आसपासच गोठू शकते आणि तिचे खोके फाटते. मुख्य स्विच बंद असल्याचे समजून अनेक जण निर्धास्त राहतात, तर गॅस-गळती सूचक आणि रेडिओची स्मृती काही ट्रेलरांत त्या स्विचला वगळून थेट बॅटरीवर चालतात. बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी आणि अधूनमधून भारित करावी. विश्रांतीच्या स्थितीत 12.6 ते 12.7 व्होल्ट म्हणजे ती पूर्ण भरलेली आहे. लिथियम बॅटरीचा नियम वेगळा आहे. ती शून्य अंशाखाली भारित करू नये, आणि अर्धी-अधिक भरलेली ठेवून द्यावी.

वरून प्लास्टिकची ताडपत्री घालणे

चांगल्या हेतूने केलेली ही मोठी चूक आहे. प्लास्टिकची ताडपत्री ओलावा कोंडते, त्यामुळे आत बुरशी येते. वाऱ्याने फडफडताना तिच्या कडा आणि दोऱ्या छताच्या पातळ आच्छादनाला व रंगाला घासतात. हवा खेळती ठेवणारे खास आवरण घ्यावे, नाहीतर ट्रेलर उघडाच ठेवावा. मात्र त्याआधी छतावर चढून प्रत्येक झरोका, नळकांडे आणि सांधा बोटाने तपासावा. सीलंटमध्ये केसाएवढी भेग असली, तरी तिच्यात शिरलेले पाणी गोठते, भेग रुंदावते, आणि पुढच्या वितळणीत अधिक पाणी आत येते. रबरी छतावर खनिज तेलाचे साफसफाईचे द्रव वापरू नयेत.

चांदवा, म्हणजे ट्रेलरच्या बाजूला उघडणारे कापडी छप्पर, ओला असताना गुंडाळू नये. फ्रिज रिकामा करून दार थोडे उघडे अडकवावे. गॅसचे सिलिंडर झडप बंद करून बाहेर, हवेशीर ठिकाणी ठेवावे, ट्रेलरच्या आत अजिबात नको. टायरमध्ये बाजूवर छापलेल्या कमाल दाबाएवढी हवा भरावी आणि ऊन लागू नये म्हणून ते झाकावे.

उंदरांना वाट मोकळी ठेवणे

पेन्सिल जाईल एवढ्या छिद्रातूनही लहान उंदीर शिरतो, आणि थंडीत त्याला हव्या असलेल्या ऊब व घरट्यासाठी उशा, गाद्या व वायरींचे आवरण हाताशीच असते. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नये. पाइप आणि वायर ट्रेलरच्या तळातून वर येतात तेथील फटी तांब्याच्या जाळीने बुजवाव्यात. तारेची घासणीही चालते, मात्र ती गंजते.

वसंतात काही बिघडलेले दिसले, तर

गरम पाणी येत नसेल, तर हीटर उघडण्याआधी बायपास पाहावा. तो हिवाळ्यातल्या स्थितीतच राहून गेलेला असतो. नळाची धार बारीक झाली असेल, तर तोंडाची जाळी काढून धुवावी. पाणी फेसाळ येत असेल, तर वाहिन्यांत अँटिफ्रीझ शिल्लक आहे, ते सर्व नळांतून धुऊन काढावे. कोणताही नळ उघडा नसताना पंप थांबून थांबून चालू होत असेल, तर कोठेतरी दाब कमी होत आहे. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवून अर्धा तास वाट पाहावी. जो कागद भिजेल, त्याच्या वरचा जोड तपासून बदलावा. बाहेरून सीलंट लावून दाबाखालची गळती थांबत नाही.