बोडोनी वापरण्याआधी बारीक रेघ मोजा

बोडोनी या इंग्रजी फॉन्टमधला कॅपिटल एच मोठा करून पाहा. दोन दांडे भरभक्कम, मधली आडवी रेघ मात्र केसाएवढी. दांड्यांच्या टोकांचे छोटे आडवे पाय, म्हणजे सेरिफही तेवढेच बारीक, आणि थेट काटकोनात जोडलेले. पॅरिसमध्ये दिदो या मुद्रकांच्या घराण्याने आणि इटलीतल्या पार्मात मुद्रक जांबात्तिस्ता बोडोनीने (१७४०–१८१३) हे वळण घडवलं, ते गुळगुळीत कागद मिळू लागल्यावर. या अक्षराचा सगळा डौल त्या बारीक रेघेत आहे आणि छपाईत पहिली तुटते तीच.

आधी कट निवडा, म्हणजे ठरावीक मापासाठी आखलेली फॉन्टची आवृत्ती. गूगल फॉन्ट्सवरचा बोडोनी मोडा मोफत आहे आणि त्यात ६ ते ९६ पॉइंटांपर्यंत ऑप्टिकल साइझ (छापायच्या मापानुसार अक्षराची घडण) बदलते. आकडा लहान, तशी बारीक रेघ जाड. मथळ्याचा कट मजकुराला लावला की अक्षरांचे नुसते दांडे उरतात. वेबसाइटवर घेताना ऑप्टिकल साइझचा अक्ष, म्हणजे ती बदलायची सोय, निवडायला विसरू नका, नाहीतर सगळीकडे एकच कट लागतो.

मग रेघ मोजा. इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षर १०० पॉइंटांवर ठेवा, त्याचा पाथ (मोजता येणारी बाह्यरेषा) करा आणि एचच्या आडव्या रेघेची जाडी पॉइंटांत घ्या. समजा २ आली. म्हणजे ६० पॉइंटांवर ती १.२ पॉइंट, सुमारे ०.४२ मिलिमीटर, चांगली छापेल. १२ पॉइंटांवर ०.२४ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.०८ मिलिमीटर. आर्ट पेपरवर (लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर) ऑफसेट छपाईला पाव पॉइंट ही खालची मर्यादा धरा. गडद रंगावर पांढरं अक्षर असेल तर अर्धा पॉइंट, कारण शाई चहूबाजूंनी पसरून रेघ बुजवते. मॅपलिथोवर (लेप नसलेल्या साध्या कागदावर) किंवा लग्नपत्रिकेच्या स्क्रीन प्रिंटिंगला याहून जास्त जाडी ठेवा आणि छापखान्याला आधी विचारा. स्क्रीनवरही तेच गणित: १६ पिक्सेलच्या अक्षरात ही रेघ ०.३२ पिक्सेल, म्हणजे फिकट करडी.

काळा रंग फक्त के १००, म्हणजे निव्वळ काळी शाई, ठेवा. चार रंगांचा काळा केला आणि प्लेट जराशी हलली की रेघेला रंगीत कडा दिसतात.

कॅपिटल अक्षरांमध्ये अक्षराच्या मापाच्या ५ ते १० टक्के जादा जागा सोडा. स्मॉल अक्षरांत एम, एन, आय शेजारी आले की उभ्या दांड्यांचं कुंपण होतं आणि वाचणाऱ्याची नजर अडखळते. म्हणून लांबलचक मजकुराला बोडोनी नकोच. चार-पाच ओळी हव्याच असतील तर १० पॉइंटांना १४ची लीडिंग (ओळीपासून ओळीपर्यंतचं अंतर) द्या.

बोडोनी मोडात देवनागरी नाही. मराठी टाइप केलं की दुसराच फॉन्ट येऊन बसतो आणि जोडी विजोड दिसते. मराठी-इंग्रजी मथळा एकत्र हवा असेल तर रोझा वन हा फॉन्ट घ्या: दोन्ही लिप्या आहेत, जाड-बारीक फरक ठसठशीत आहे. वजन (अक्षराची जाडी) मात्र एकच, तेही चांगलंच जाड, त्यामुळे ३६ पॉइंटांच्या खाली नको. दोन ओळी असतील तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा, रफार एकमेकांना भिडत नाहीत ना, हे तपासा.

शेवटी त्याच कागदावर, खऱ्या मापात प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, काढा. लेझर प्रिंटवर विसंबू नका. टोनरने रेघ जाड दिसू शकते. प्रूफ हातभर अंतरावर धरा. एचमधली आडवी रेघ सलग दिसली नाही तर साइझ वाढवा किंवा लहान ऑप्टिकल कट घ्या. अक्षराला बाहेरून स्ट्रोक (कडेची रेघ) लावू नका, त्याने दांडेही फुगतात.