गोळीबारातील मृत्यूंच्या चौकशीसाठी आयोग नेमताना

गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली की चौकशीची घोषणा लगेच होते. त्या चौकशीतून काय हाती लागणार, हे मात्र बहुतांशी अधिसूचनेतील चार-सहा ओळींवर ठरते. चौकशी आयोग अधिनियम, 1952 च्या कलम 3 नुसार केंद्र किंवा राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून आयोग नेमू शकते, आणि राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केल्यास राज्य सरकारला तो नेमावाच लागतो.

सर्वाधिक काळजी कार्यकक्षा लिहिताना घ्यावी. ‘घटनेची कारणे शोधणे’ एवढेच लिहिले, तर सारी चौकशी जमावाच्या वर्तनाभोवतीच फिरत राहू शकते. म्हणून गोळीबाराचा आदेश कोणी व कोणत्या अधिकारात दिला, आधी इशारा दिला होता का, कमी बळाने काम भागले असते का, किती फैरी झाडल्या गेल्या आणि जखमींना उपचार केव्हा मिळाले, हे प्रश्न स्वतंत्रपणे नोंदवावेत. नेमक्या प्रश्नाचे मोल जालियनवाला बागेच्या चौकशीत दिसते: 1919 मध्ये हंटर समितीने विचारल्यावरच, जखमींची व्यवस्था पाहणे हे आपले काम नव्हते, असे डायरच्या तोंडून नोंदीवर आले.

अध्यक्ष न्यायाधीशच असावा, असे कायदा म्हणत नाही; तरीही प्रकरणाशी कसलाही संबंध न आलेला निवृत्त न्यायमूर्ती नेमणे इष्ट. कलम 5अ खाली तपासासाठी यंत्रणा घेताना, ज्या दलाने गोळ्या झाडल्या त्याच दलाचे अधिकारी घेऊ नयेत.

आयोगाचे कार्यालय उभे राहीपर्यंत आठवडे जातात आणि तेवढ्यात सीसीटीव्हीचे चित्रण पुसलेही जाते. त्यामुळे शस्त्रे, रिकाम्या पुंगळ्या, काडतुसांची नोंदवही आणि बिनतारी संदेशांच्या नोंदी पहिल्याच दिवशी मोहोरबंद करण्याचा लेखी आदेश द्यावा.

ज्याच्या प्रतिष्ठेला धक्का पोहोचू शकतो, त्याला कलम 8ब नुसार बाजू मांडू द्यावी लागते. हे राहून गेले तर निष्कर्ष न्यायालयात टिकत नाहीत. आयोगापुढील जबाब, खोट्या साक्षीचा खटला वगळता, साक्षीदाराविरुद्ध वापरता येत नाही, म्हणून फौजदारी तपास आयोगासाठी थांबवू नये.

अहवाल सादर झाल्यावर तो कृती अहवालासह (सरकारने त्यावर काय कारवाई केली याच्या निवेदनासह) सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवणे बंधनकारक आहे. आयोगाने अहवाल केव्हा द्यावा, याची मुदत मात्र कायद्यात नाही, ती अधिसूचनेतच लिहावी.